पांढरं दिसलं म्हणजे गाठ नव्हे: मेंदूच्या ऑपरेशनमध्ये सोनोग्राफी वापरताना

आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये मी पहिल्यांदा सोनोग्राफीचं मशीन ढकलत आणलं, तेव्हा दारातले वॉर्डबॉय मामा बाजूला होत म्हणाले, "सर, पेशंट बाप्या हाय न्हवं?"

मामांचं काही चुकलं नव्हतं. कोल्हापुरात सोनोग्राफी म्हणजे पोटातलं बाळ, फार तर मुतखडा. टेबलावर होता कागलकडचा ट्रॅक्टर ड्रायव्हर, मेंदूच्या उजव्या पुढच्या भागात, म्हणजे फ्रॉन्टल लोबमध्ये, लिंबाएवढी गाठ. त्या दिवशी मला स्क्रीनवर लिंबू काही दिसलं नाही. दिसला तो पावसाळ्यातल्या आंबा घाटासारखा धुकट पांढरा पडदा. मी मशीनला शिव्या घालून गाठ जुन्याच पद्धतीने, डोळ्यांनी आणि हाताच्या अंदाजाने काढली. चूक मशीनची नव्हती, मला बघता येत नव्हतं, हे कळायला पुढे बऱ्याच केसेस गेल्या. त्या सगळ्यांतून जे हाती लागलं ते इथे लिहितोय. हे मुख्यतः सांगली, सातारा, रत्नागिरी, बेळगाव अशा ठिकाणी काम करणाऱ्या धाकट्या न्यूरोसर्जन मित्रांसाठी आहे. थिएटरमध्ये एमआरआय बसवायला कोटींनी पैसे लागतात, ते आपल्याला या जन्मी तरी जमायचं नाही. सोनोग्राफीचं मशीन मात्र बहुतेक हॉस्पिटलात असतंच.

आधी याची गरज काय ते बघू. नेव्हिगेशन (हत्यार मेंदूत कुठे आहे ते स्क्रीनवर दाखवणारी यंत्रणा) चालतं ते काल-परवा काढलेल्या एमआरआयवर. कवटी उघडून ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) कापला, मेंदूभोवतालचं पाणी वाहून गेलं, सूज उतरवणाऱ्या मॅनिटॉलने मेंदू आक्रसला, त्यात अर्धी गाठ बाहेर आली, की मेंदू कालच्या जागी राहत नाही. कधी काही मिलिमीटर सरकतो, कधी सेंटिमीटरभर खाली बसतो. नेव्हिगेशनचा काटा तरीही कालच्याच मेंदूवर फिरत असतो आणि स्क्रीनवर अगदी आत्मविश्वासाने जागा दाखवत राहतो. सोनोग्राफी आत्ताचा मेंदू दाखवते. बाकी तिचे दोष शंभर असतील, पण हा एक गुण पुरेसा आहे.

कवटीवरून मात्र हे जमत नाही. ऑस्ट्रियाच्या कार्ल डुसिक यांनी १९४२ मध्ये कवटीतून ध्वनिलहरी पाठवून मेंदूतल्या पोकळ्यांची चित्रं काढल्याचं जाहीर केलं. पुढे निघालं असं, की त्या सावल्या बऱ्याचशा हाडाच्याच होत्या. हाड आवाज गिळतं आणि परतवतं. म्हणून हाड काढल्यावरच प्रोब, म्हणजे मशीनचा आवाज सोडणारा आणि ऐकणारा दांडा, ठेवायचा.

कागदपत्रांचं काम सगळ्यात आधी उरका. १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखाली सोनोग्राफीच्या मशीनची नोंदणी लागते, मग ते पोटासाठी वापरा नाहीतर डोक्यासाठी. मी मेंदूचा डॉक्टर, माझ्याकडे गरोदर बाई येतच नाही, हे उत्तर चालत नाही. कोल्हापूरला तर हे जास्तच कळायला हवं. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात मशीनला प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारा 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवण्याचा प्रयोग सुरू झाला तो इथेच. त्यामुळे मशीन थिएटरमध्ये वापरणार हे या कायद्याखाली नेमलेल्या समुचित प्राधिकाऱ्याला लेखी कळवा, परवानगी घ्या, दाराला बोर्ड लावा. मित्राच्या दवाखान्यातलं मशीन एका दिवसापुरतं गाडीत घालून आणणं, हे तर मनातही आणू नका.

परवानगी येईपर्यंतचा वेळ घरी सराव करण्यात घालवा. लक्ष्मीपुरीत कुठल्याही किराणा दुकानात चायना ग्रास मिळतं आणि औषधाच्या दुकानात इसबगोल. लिटरभर पाण्यात २५-३० ग्रॅम चायना ग्रास उकळून पूर्ण विरघळवा, थोडं निवलं की चमचाभर इसबगोल भुरभुरवत ढवळा. इसबगोलाने मिश्रणाला तो करडा, दाणेदार पोत येतो. नुसतं चायना ग्रास स्क्रीनवर काळंकुट्ट दिसतं. प्लास्टिकच्या डब्यात अर्धं ओतून घट्ट होऊ द्या. वेगळ्या वाटीत इसबगोल दुप्पट घालून एक गोळा आधीच करून ठेवलेला असला की झाली तुमची गाठ. ग्लोव्हचं एक बोट पाण्याने भरून गाठ मारली, की झाली पाण्याची पिशवी. त्यात हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. दोन्ही ठेवून वरून उरलेलं ओता. बायको विचारते, हे खायचं आहे का. नाही म्हणायचं.

हा डबा मी आजही नव्या रेसिडेंटला करायला लावतो. गाठ कुठे आहे हे न सांगता त्याने प्रोबने शोधायची, चमच्याने कोरून काढायची, खड्ड्यात पाणी भरायचं आणि परत बघायचं. त्या पाण्याच्या खाली तळाला एक पांढरी कड दिसते, फिकट का होईना. ती कड डब्यात ओळखायला शिका. पुढे सगळी मारामारी तिच्याशीच आहे.

आता प्रोब. पोटाचा मोठा वक्र प्रोब निरुपयोगी, कवटीचं हाड काढून केलेल्या खिडकीत तो बसतच नाही. नवजात बाळाच्या टाळूवरून मेंदू बघायला लहान तोंडाचा मायक्रोकॉन्व्हेक्स प्रोब असतो, साधारण ५ ते ८ मेगाहर्ट्झचा, तो आपल्या कामाला उत्तम. गाठ अगदी पृष्ठभागाजवळ असेल तर १० मेगाहर्ट्झच्या वरचा, सपाट तोंडाचा लिनिअर प्रोब जास्त बारकावा दाखवतो, पण त्याला खोलवरचं दिसत नाही. फ्रीक्वेन्सी वाढली की चित्र बारीक होतं आणि खोली कमी होते, याला इलाज नाही. हॉकी स्टिकच्या आकाराचा छोटा लिनिअर प्रोब मिळाला तर तो खड्ड्याच्या आत उतरवता येतो. दोनांतला एकच घेणं परवडत असेल तर मायक्रोकॉन्व्हेक्सच घ्या. क्रॅनिओटॉमी, म्हणजे कवटीची ही खिडकी, आखतानाच प्रोब हातात धरून बघा. प्रोबच्या तोंडापेक्षा खिडकी सेंटिमीटरभर तरी मोठी हवी, नाहीतर तो नुसता बसेल, तिरका होणार नाही. बसवला आणि अडकला, तर काय उपयोग.

पेशंटची पोझिशनही सोनोग्राफीचा विचार करून द्यायची असते, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. खिडकी आभाळाकडे हवी. पुढे खड्ड्यात सलाईन भरून बघायचं असतं. खिडकी उभी असेल तर पाणी वाहून बुटात जातं. शक्य असेल तिथे डोकं असं फिरवा की खड्डा वाटीसारखा राहील.

प्रोब ऑटोक्लेव्हमध्ये घालायचा नसतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. म्हणून वर निर्जंतुक कव्हर. खास कव्हर महाग पडतं, आम्ही लॅपरोस्कोपीच्या कॅमेऱ्याचं कव्हर वापरतो. पद्धत अशी: सिस्टर कव्हरच्या तळाशी निर्जंतुक पाऊचमधलं जेल सढळ हाताने घालतात. टेबलावरच्या बाटलीतलं जेल अजिबात नाही. कव्हर फाटलं तर ते थेट मेंदूवर जाणार आहे. टेक्निशियन वरून प्रोब सोडतो. मग सिस्टर प्रोबच्या तोंडावरून अंगठा ओढत एकेक बुडबुडा बाजूला सारतात, प्लास्टिक ताणून धरतात आणि ग्लोव्हच्या मनगटाकडची कड कापून केलेलं रिंग वर चढवतात. आमच्या सिस्टर हे करताना कुणाशी बोलत नाहीत. एकदा घाईत एक बुडबुडा राहिला, त्याची काळी सावली स्क्रीनवर उभी पट्टी होऊन पडली आणि मी पाच मिनिटं तिथे कॅल्शियम आहे असं समजत बसलो. त्या दिवसापासून घाई करायची नाही, हा नियम सिस्टरांचा, माझा नव्हे. कव्हरच्या बाहेरून जेल लावू नका, सलाईन पुरतं.

पहिली नजर ड्युरा उघडण्याआधी. पूर्ण ऑपरेशनमध्ये याच्याइतकं स्वच्छ चित्र पुन्हा मिळत नाही, कारण हवा नाही, रक्त नाही, मेंदू जागेवर आहे. तरीही लोक इथेच कंजूषपणा करतात. निदान दहा मिनिटं द्या. ड्युरावर सलाईन सोडा, प्रोब स्वतःच्या वजनाने टेकू द्या, दाबू नका. खोली सुरुवातीला जास्त ठेवा, म्हणजे पलीकडची बाजूही दिसेल, मग गाठ स्क्रीन भरेल इतकी कमी करा. फोकस गाठीच्या पातळीवर. गेन (चित्राचा उजळपणा) इतकाच की व्हेंट्रिकल (मेंदूतली पाण्याने भरलेली पोकळी) काळा दिसेल. व्हेंट्रिकल करडा दिसतोय म्हणजे गेन जास्त आहे.

दिशा ही दुसरी अडचण. एमआरआय नेहमी ठरलेल्या छेदांत येतो, इथे छेद तुमच्या मनगटावर ठरतो. प्रोबवरची खूण एका छेदात कायम नाकाकडे आणि आडव्या छेदात कायम पेशंटच्या उजवीकडे, असं काही एक ठरवा आणि आयुष्यभर तेच ठेवा. शंका आली तर प्रोबच्या एका टोकाला ड्युरावर डिसेक्टर या बोथट हत्याराने हलकं टेकवा, स्क्रीनवर कुठली बाजू हलते ते दिसतं. मग आधी गाठ शोधू नका. आधी फाल्क्स शोधा, मेंदूच्या दोन अर्ध्यांमधला पडदा, ती ठळक पांढरी रेघ. मग व्हेंट्रिकल, काळा. त्यात ते पाणी तयार करणारा कोरॉइड प्लेक्सस, पांढराशुभ्र. सल्कस, म्हणजे मेंदूवरच्या घळी, पांढऱ्या वळणदार रेघा म्हणून दिसतात. गाव ओळखीचं झालं की परका माणूस आपोआप दिसतो.

गाठी बहुतेक आजूबाजूच्या मेंदूपेक्षा पांढऱ्या दिसतात. मेंदूच्या आवरणातून उगवणारा मेनिन्जिओमा आणि इतर अवयवांतून आलेल्या गाठींची कड स्पष्ट असते. हाय-ग्रेड ग्लायोमा (मेंदूतच उगवणारी, वेगाने वाढणारी गाठ) ओबडधोबड, आत कुजलेल्या भागाचे काळे खळगे. पू झालेला असेल तर जाडसर पांढरी भिंत आणि आत काळसर. लो-ग्रेड, म्हणजे सावकाश वाढणारा, ग्लायोमा एकसारखा पांढुरका, कड पुसट, पण तिथे सोनोग्राफी खरी उपयोगी पडते, कारण मायक्रोस्कोपखाली ती गाठ पुष्कळदा निरोगी मेंदूसारखीच दिसते. डोळ्याला फरक कळत नाही तो आवाजाला कळतो. भोवतालची सूजही पांढुरकीच असते, गाठीपेक्षा जरा कमी. ते जरा कमी म्हणजे किती, हे लिहून सांगता येत नाही. माझे मामा गुऱ्हाळावर गुळव्या होते. काहिलीतला पाक उतरवायची वेळ झाली की नाही हे ते काठाला येणाऱ्या फेसाकडे बघून सांगायचे, थर्मामीटर नाही काही नाही. कसं कळतं विचारलं, तर म्हणायचे, "जळलेल्या दोन-चार काहिली पदरात पडल्या की कळतंया." माझ्याकडे तेवढी मुभा नाही, म्हणून प्रत्येक केसमध्ये ड्युरा उघडण्याआधीची चित्रं साठवून ठेवतो आणि आदल्या दिवशीचा एमआरआय शेजारच्या स्क्रीनवर उघडा ठेवतो.

याच वेळी रक्ताचा प्रवाह दाखवणारा कलर डॉप्लर लावून बघा. मिडल सेरेब्रल धमनीची फांदी गाठीच्या आतून जाते की कडेने, हे सुरी लावण्याआधी समजलेलं बरं. सॅजायटल सायनस या डोक्याच्या मध्यरेषेतल्या मोठ्या शिरेजवळचा मेनिन्जिओमा असेल तर सायनस चालू आहे की बंद तेही कळतं. डॉप्लरबद्दल एवढंच.

आता गाठ काढायला लागल्यावर. साधारण निम्मी निघाली की थांबा आणि बघा. नंतर दर टप्प्याला. बघण्याआधी खड्डा धुवायचा. सगळ्या कापसाच्या पट्ट्या बाहेर, रक्त थांबवायला ठेवलेलं सर्जिसेल बाहेर, गुठळ्या बाहेर. सर्जिसेल पांढरं दिसतं, ताजं रक्त पांढरं दिसतं, हवा तर सगळंच झाकते. मग कोमट सलाईन सिरिंजने खड्ड्याच्या भिंतीवरून हळू सोडा, वरून ओतलं की फेस होतो. प्रोब पाण्यात बुडवा, तळाला टेकवू नका.

आणि आता ती पांढरी कड.

मशीन असं गृहीत धरतं की आवाज मेंदूतून जातोय आणि वाटेत क्षीण होतोय, म्हणून खोलवरून आलेला प्रतिध्वनी ते मुद्दाम वाढवून दाखवतं. खड्ड्यातलं सलाईन मात्र आवाज जवळजवळ खातच नाही. आवाज ताजातवाना तळाशी पोहोचतो, मशीन वर त्याला आणखी फुगवतं, आणि खड्ड्याच्या तळाशी असलेला निरोगी मेंदू गाठीसारखा पांढरा चमकतो. जितकी जास्त गाठ काढाल, तितका खड्डा खोल, तितकं पाणी जास्त, तितकी ती कड जास्त पांढरी. म्हणजे काम संपत आलेलं असतं तेव्हाच मशीन सांगतं, अजून उरलीय.

मी फसलो तो इथेच. गडहिंग्लज भागातला शेतकरी, डाव्या बाजूची गाठ, हाताची हालचाल सांभाळणाऱ्या पट्ट्याच्या अगदी पुढे. मायक्रोस्कोपखाली मला समोर निरोगी मेंदू दिसत होता. स्क्रीनवर तळाला पांढरी पट्टी होती. मी डोळ्यांऐवजी स्क्रीनचं ऐकलं आणि आणखी थोडं काढलं. तो तुकडा फ्रोझन सेक्शनला, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तपासून घ्यायलाही, पाठवला नाही. संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर त्याला उजव्या हाताची मूठ वळेना. दुसऱ्या दिवशीच्या एमआरआयमध्ये गाठ कुठेच नव्हती, आणि शेवटच्या तुकड्याचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला, मेंदूची निरोगी ऊती. फिजिओथेरपीने हात बराच परत आला. खुरपं धरतो, पण शर्टाचं वरचं बटण अजून बायको लावते. हे मी त्याला आणि त्याच्या भावाला समोर बसवून सांगितलं होतं, काय झालं आणि कशामुळे. भाऊ बराच वेळ गप्प होता.

तेव्हापासून त्या कडेची परीक्षा घेतल्याशिवाय मी एक मिलिमीटर पुढे जात नाही. पहिलं म्हणजे प्रोबचा कोन बदलतो. खरी गाठ जागा सोडत नाही. फसवी कड आवाजाच्या दिशेबरोबर सरकते, नेहमी पाण्याच्या बरोबर खाली राहते. दुसरं, टीजीसीच्या, म्हणजे खोलीनुसार प्रतिध्वनी वाढवणाऱ्या, पट्ट्यांमधली त्या खोलीची पट्टी खाली ओढतो. आजूबाजूच्या मेंदूबरोबर कड विझली तर ती बहुधा पाण्याची करणी. तिसरं आणि सगळ्यात कामाचं, पाण्यातून बघायचंच नाही. खड्ड्याच्या शेजारच्या मेंदूवर प्रोब ठेवून तिरकं बघा, म्हणजे आवाज मेंदूतूनच जातो आणि भिंत खरी दिसते. हॉकी स्टिक असेल तर ती आत उतरवून भिंतीच्या अगदी जवळ न्या. मधे पाणीच थोडं, तर फसवणूकही थोडी. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या मंडळींनी तर सलाईनऐवजी मेंदूइतकाच आवाज शोषणारा द्रव तयार करण्यावर काम केलं, ते याच कडेला वैतागून. आपल्याकडे सलाईनच आहे, तेव्हा कोन बदलायला कंटाळू नका. एवढं करूनही जागा संशयास्पद वाटली, तर तिथे डोळ्यांदेखत डिसेक्टरचं टोक ठेवा, स्क्रीनवर ते टोक नेमकं कुठे येतं ते पाहा, आणि तेवढाच कण फ्रोझनला पाठवा. उत्तर येईपर्यंत हात बांधून उभे राहा. चहा प्यायला हरकत नाही, पण आपल्याकडे बाहेर गेलं की रंकाळ्यापर्यंत जाऊन येतात.

काही ठिकाणी मी स्क्रीनवर फारसा भरवसा ठेवतच नाही. आधी ऑपरेशन होऊन रेडिएशन घेतलेल्या पेशंटमध्ये जुना व्रणही पांढरा आणि परत आलेली गाठही पांढरी, दोन्हींची सरमिसळ. आणि कुठल्याही पेशंटमध्ये सोनोग्राफी गाठ कुठे आहे ते सांगते, तिथे बोलणं राहतं की हात राहतो हे सांगत नाही. त्यासाठी मॅपिंग, म्हणजे मेंदूला हलका करंट देऊन कुठली जागा काय करते ते तपासणं, गरज पडल्यास पेशंटला जागं ठेवून. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये नेव्हिगेशनला जोडलेली त्रिमितीय सोनोग्राफी वापरतात. जमलं तर आठवडाभर जाऊन बघून या, मनगट कसं फिरवतात तेवढं बघितलं तरी फेरी वसूल.

बंद करण्याआधी शेवटची चित्रं त्याच दोन छेदांत साठवा आणि ७२ तासांच्या आत एमआरआय करा. उशीर झाला की ऑपरेशनने झालेले बदलही चमकायला लागतात आणि वाद सुरू होतो. मग दोन्ही शेजारी ठेवून रेडिओलॉजिस्टबरोबर बसा: मी काय उरलं म्हणालो होतो, खरं काय उरलं. मी याची एक साधी वही ठेवली आहे, शंभर पानी. पहिल्या वीस पानांवर लाल शाईच जास्त आहे.

प्रोब पुसायचं काम टेक्निशियनकडेच ठेवा. कव्हर काढलं की जेल लगेच ओल्या फडक्याने पुसायचं, वाळलं की खरवडावं लागतं. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलंच द्रावण वापरायचं, हाताला आलं म्हणून स्पिरिट फिरवायचं नाही. आणि वायर गुंडाळून मशीनवर टांगल्याशिवाय ट्रॉली हलवायची नाही. आमचा पहिला प्रोब गाठीने नाही, ट्रॉलीच्या चाकाने गेला.